टेक्सास चेनसॉचा २००३ चा रिमेक खरंच एवढा वाईट आहे का?

शेवटचा_शो

गेल्या महिनाभरात इथं भयपटांवर तीनचार धागे आले आणि प्रत्येक धाग्यात कुणी ना कुणी लिहून गेलंच की रिमेक म्हणजे नुसता पैसे काढायचा धंदा, मूळ बघा, रिमेकच्या वाटेला जाऊ नका. दरवेळी मी उत्तर टाईप केलं आणि पुसलं. आज पुसत नाही, वेगळा धागाच काढतो. विषय एकच, १९७४ चा टोबी हूपरचा टेक्सास चेन सॉ मॅसकर आणि २००३ चा मार्कस निस्पेलने केलेला त्याचा रिमेक. पुढं दोन्हींची सगळी गोष्ट फोडलीय, ज्यांना बघायचेत त्यांनी बघून मग या.

मी रिमेक आधी बघितला. २००५, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, हॉस्टेलच्या खोलीत एका पीसीसमोर आम्ही सात जण, दोघं कॉटवर बाकीचे खाली गादीवर, राइट केलेली सीडी, मधेच अडकायची. सुरुवातीला बडबड चालू होती कारण पोस्टर बघून सगळ्यांना वाटलेलं की आता दीड तास नुसत्या किंकाळ्या. पाच जण व्हॅनमधून चाललेत, रस्त्यात एक भेदरलेली पोरगी चालत असते, हे तिला गाडीत घेतात आणि गाडी कुठं चाललीय हे तिच्या लक्षात आल्यावर ती पिस्तूल काढून स्वतःच्या तोंडात घालते. मग तो शॉट येतो. कॅमेरा मागं मागं सरकत जातो, पुढं बसलेल्यांच्या थिजलेल्या चेहऱ्यांवरून, तिच्या डोक्यातल्या भोकातून आणि मागच्या काचेच्या भोकातून थेट गाडीबाहेर. खोलीत कुणी एक शब्द बोललं नाही, एकानं उठून गुपचूप ट्यूबलाइट लावली आणि ती पिक्चर संपेपर्यंत कुणी बंद केली नाही.

पण मला खरा धसका बसला तो मुखवटा घालून चेनसॉनं, म्हणजे झाडं कापायच्या मशीननं, माणसं मारणाऱ्या लेदरफेसचा नाही, शेरीफ हॉइटचा. आर. ली अर्मीनं केलाय तो रोल, हा माणूस खऱ्या आयुष्यात अमेरिकन मरीन्समध्ये ड्रिल इन्स्ट्रक्टर होता, त्यामुळं त्याच्या आवाजातला दम शिकवून आलेला नाही. पोरं काय चुकीचं करतात? काहीच नाही, मुलगी मेली म्हणून पोलिसांना बोलावतात. आणि येतो तो हा. तो त्या पोरीचं प्रेत आपण डबे झाकायला वापरतो तसल्या पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळतो आणि गुंडाळताना जे बोलतो ते ऐकून तिथंच कळायला पाहिजे की पळा, पण समोर वर्दी आहे ना, ती पोरं गप्प उभी राहतात. पुढं तो त्या पाचांतल्या मॉर्गनला व्हॅनमध्ये बसवतो आणि म्हणतो, तिनं कसं केलं ते करून दाखव, पिस्तूल तोंडात घाल. हा सीन बघताना मी गादीचं टोक हातात धरून बसलो होतो. आपल्याकडं रात्री हायवेवर काही झालं तर पहिला विचार येतो की जवळची चौकी कुठाय. त्या पिक्चरनं तो विचारच काढून घेतला माझ्याकडून.

आणि रिमेकला नावं ठेवणाऱ्यातल्या बऱ्याच जणांना हे माहीत नसतं की दोन्ही पिक्चर एकाच माणसानं शूट केलेत, डॅनियल पर्ल. १९७३ च्या उन्हाळ्यात विशीतला असताना त्यानं १६ एमएमवर मूळ पिक्चर शूट केला आणि तीस वर्षांनी त्याच राज्यात परत जाऊन रिमेकचा कॅमेरा हातात घेतला. सुरुवातीचं निवेदनही दोन्हीकडं जॉन लॅरोकेटचंच आहे. म्हणजे कुणीतरी ऑफिसात बसून नाव विकत घेतलं आणि छापून काढलं इतकं ते सोपं नाहीये. समीक्षक रॉजर ईबर्टनं रिमेकला शून्य स्टार दिले होते, माहितीय मला, पण शून्य?

आता प्रश्न. गेल्या महिन्यात मूळ पिक्चर पहिल्यांदा बघितला, रात्री, लॅपटॉपवर. एवढं ऐकलेलं की धास्तावूनच बसलो होतो. आणि खरं सांगतो, हललो नाही. रक्त जवळजवळ नाहीच, पहिला अर्धा तास गाडीत गप्पा, व्हीलचेअरवरचा फ्रँकलिन सारखा कुरकुरतोय, आणि शेवटची वीस-पंचवीस मिनिटं त्याची बहीण सॅली नुसती ओरडतेय. हॉइटसारखं, म्हणजे ज्याच्याकडं मदत मागायला जावं तोच घात करतो हे जे आहे, ते मला मूळमध्ये सापडलंच नाही. माझं काय बघायचं राहिलं? मनापासून विचारतोय, भांडायला नाही.

---

ध्वनीवाला

लॅपटॉपवर बघितलास इथंच घोळ झालाय. मी अंधेरीत डबिंग स्टुडिओत काम करतो, बारा वर्षं हेच करतोय, आणि नवीन पोरं शिकायला येतात त्यांना मी या पिक्चरमधली तीन मिनिटं ऐकवतो. दाखवत नाही, ऐकवतो, स्क्रीन बंद.

सॅलीबरोबरचे कर्क आणि पॅम पेट्रोल मागायला त्या घराकडं जातात ना, का जातात? जनरेटरचा आवाज ऐकून. आता तो जनरेटर ऐक. मागं भकभक चालूच आहे, कुठं चढत नाही, उतरत नाही, कर्क दार वाजवतो, आत डोकावतो, आतून डुकरासारखं काहीतरी ऐकू येतं, समोर लाल भिंतीवर जनावरांच्या कवट्या दिसतात, तो आत पळतो, अडखळतो, आणि लेदरफेस एकदम दारात. हातोडा. कर्क खाली पडतो आणि त्याचे पाय फरशीवर तडफडतात, तो आवाज आहे बघ, बुटांचा, जनावर पाडल्यावर येतो तसा. दुसरा घाव, ओढला आत, आणि ते लोखंडी सरकतं दार धाडकन बंद. त्यानंतर खालून एक घुमणारा आवाज येतो जो लॅपटॉपच्या स्पीकरमधून येणं शक्यच नाही, तेवढं खालचं त्यातून वाजतच नाही. तू तो आवाज ऐकलेलाच नाहीस. आणि या सगळ्यात आता काहीतरी होणार असं सांगणारं संगीत एका ठिकाणी तरी आहे का? नाही. साउंडट्रॅक स्वतः हूपर आणि वेन बेल यांनी मिळून केलाय, त्यात गुणगुणता येईल अशी चाल शोधून सापडणार नाही, नुसती खडखड, घासणं, झांजा.

रिमेकमध्ये तोच सीन आहे, त्या पाचांतल्या केम्परला हातोडा बसतो, दारही तसंच बंद होतं. स्टीव्ह जॅब्लॉन्स्कीचं संगीत वाईट नाहीये, मोठं आहे, ताणून धरतं. पण ते तुला तयार करतं, आता घाबर असं सांगतं. मूळमध्ये कर्कला जेवढी खबर असते तेवढीच तुला. माझ्या लेखी सगळा फरक तिथंच आहे. चांगले हेडफोन लाव आणि परत बघ, दिवे बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत.

---

वैदर्भी

हॉइटबद्दल शंभर टक्के सहमत. मी तो पिक्चर दुसऱ्यांदा बघूच शकले नाही आणि त्याचं कारण तोच. लेदरफेस दिसला की पळायचं हे कळतं, पण वर्दीतला माणूस गाडीपाशी येऊन हसत हसत प्रश्न विचारायला लागला की बाईच्या जिवाचं काय होतं ते मला तरी कुणी समजावून सांगायला नको. त्यानं बोलायच्या आधीच माझ्या पोटात गोळा आला होता.

आता एरिन, रिमेकची हिरॉइन. जेसिका बिएलनं जीव तोडून काम केलंय आणि तिचा एक सीन मला मूळ पिक्चरमधल्या कुठल्याही सीनइतकाच मोठा वाटतो. तिच्याबरोबरचा अँडी तळघरात आकड्याला लटकतोय, एक पाय कापलेला, त्या जखमेला मीठ लावून कागद गुंडाळलाय, खाटकाकडं मांस ठेवतात तसं. ती त्याला खालून उचलायला बघते. एकदा, दोनदा, तिच्यानं होत नाही, तो भारी आहे, तिचे हात घसरतात आणि तो परत आकड्यावर बसतो. मग तोच म्हणतो संपव मला. आणि ती संपवते. ती हिरॉइन असून तिला हे करावं लागतं आणि त्यानंतरचा तिचा चेहरा कॅमेऱ्यानं तसाच धरून ठेवलाय. हे मूळमध्ये नाही. हे रिमेकनं स्वतःचं आणलंय आणि त्याचं श्रेय कुणी देत नाही याचं मला वाईट वाटतं.

पण शेवट मला पटला नाही. एरिन लेदरफेसचा हात तोडते, पळवलेलं बाळ सोडवते, शेरीफचीच गाडी घेऊन त्याच्याच अंगावर घालते आणि परत परत घालते. थेटरात टाळ्या पडल्या असतील, मलाही तेव्हा बरंच वाटलं. सॅलीच्या वाट्याला काय येतं ते आठवा. ती पिकअपच्या मागच्या हौद्यात पडलीय, सगळं अंग रक्तानं माखलंय, गाडी लांब जातेय आणि ती हसतेय. वाचली म्हणून नाही हसत. डोकं जागेवर राहिलेलं नाही तिचं. मागं रस्त्यावर सकाळच्या उन्हात लेदरफेस मशीन गरागरा फिरवतोय आणि तिथंच पिक्चर तुटतो. शेवटची वीस-पंचवीस मिनिटं सॅली नुसती ओरडतेय असं लिहिलंय तुम्ही. हो, ओरडतेय. त्या जेवणाच्या टेबलावर बांधून बसवलेल्या बाईनं दुसरं काय करायचं? कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या इतका जवळ जातो की पांढऱ्या भागातल्या लाल शिरा मोजता येतात, बुबुळं इकडं तिकडं पळतायत, सुटायची वाट शोधतायत. तेवढं एकदा परत बघा, बाकी राहू द्या.

---

काळा_चहा

वैदर्भी +१, अँडीचा सीन माझ्याही डोक्यातून जात नाही.

एक छोटी खुसपट. रिमेक १८ ऑगस्ट १९७३ ला घडतो आणि ही पोरं लिनर्ड स्किनर्डच्या शोला चाललीत, गाडीत स्वीट होम अलाबामा वाजतंय. ते गाणं लोकांपर्यंत आलं १९७४ मध्ये. मला या बँडचं वेड आहे म्हणून पहिल्याच मिनिटाला खटकलं आणि पुढं दहा मिनिटं मन लागलं नाही. बाकी पिक्चर आवडतो, विशेषतः तो रंग, सगळंच करपलेलं, शेवाळलेलं, पडद्याला घाम आल्यासारखं. पर्लचंच काम म्हणा ते. पुढं ज्या कंपनीनं हा काढला, मायकल बेच्या प्लॅटिनम ड्यून्सनं, त्यांनीच २००९ ला फ्रायडे द थर्टीन्थ आणि २०१० ला एल्म स्ट्रीट परत काढले आणि तोपर्यंत ती जादू पार गेली होती. २००३ च्याला साधारण ९५ लाख डॉलर लागले आणि जगभरातून १० कोटींच्या वर आले, मग काय, प्रत्येक जुना मुखवटा कपाटातून बाहेर काढला लोकांनी. त्या नंतरच्या पिक्चरांचा राग या एकावर काढू नये असं मला वाटतं.

---

बागायतदार

मी पिक्चरमधलं फार जाणत नाही पण मशीन जाणतो म्हणून लिहितोय. श्रीवर्धनजवळ आमची नारळ-सुपारीची वाडी आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ झालं तेव्हा एका दुपारीत वाडी आडवी झाली, घरावर आंबा, वाटेवर फणस, पाच दिवस आम्ही अक्षरशः कापत रस्ता काढला. चेनसॉ तेव्हा मी पहिल्यांदा हातात धरली. दोरी ओढायची, एकदा ओढून कधी चालू होत नाही, तिसऱ्या-चौथ्याला भडकते आणि मग मनगटापासून खांद्यापर्यंत सगळं थरथरायला लागतं, संध्याकाळी मशीन ठेवली तरी हात थरथरत राहतो, चहाचा कप धरता येत नाही. पेट्रोल नि ऑइलचा वास कपड्यांतून चार धुण्यांत जात नाही.

त्यानंतर कधीतरी पोराबरोबर दोन्ही पिक्चर बघितले. चालू मशीन घेऊन पळणं म्हणजे काय हे ज्यानं ती धरलीय त्यालाच कळेल, आम्ही दोन पावलं चालायची झाली तरी ब्रेक लावतो. जुन्या पिक्चरमधला लेदरफेस झालेला तो गनर हॅन्सन मुखवटा घालून अंधारात झाडीतून चालू मशीन घेऊन त्या पोरीमागं पळतोय आणि मला ती मरेल का याच्यापेक्षा हा आता पडेल आणि काय होईल याचीच धास्ती. आणि शेवटी तो पडतोच, मशीन त्याच्याच मांडीवर येते. मी सोफ्यावरून उठलो होतो. आमच्याकडं वादळानंतर एका गड्याला असंच गुडघ्याच्या वर लागलं, थोडक्यात वाचला तो, जीन्सची पँट होती म्हणून.

अजून एक, मूळ पिक्चरमध्ये मशीननं मारलेला माणूस एकच आहे, तो खुर्चीवरचा फ्रँकलिन. बाकीच्यांना हातोडा आणि ती आकड्याला लावलेली मुलगी, आणि तो आकडा तिच्या पाठीत जाताना दाखवतच नाहीत, पण माझा पोरगा शपथेवर सांगत होता की त्यानं बघितला. परत लावून दाखवला तेव्हा गप्प झाला.

---

राउंडरॉककर

हा धागा वाचून राहवलं नाही. मी नऊ वर्षं राउंड रॉकमध्ये राहतोय, ऑस्टिनच्या उत्तरेला, आयटीतली बरीच मराठी मंडळी आहेत इथं. आणि पहिली दोन वर्षं मला पत्ताच नव्हता की मूळ पिक्चर इथंच शूट झालाय. ते घर क्विक हिल रोडला होतं. आता त्या भागात ला फ्रंटेरा म्हणून दुकानं, ऑफिसं, अपार्टमेंट आहेत, मी दर आठवड्याला किराणा आणायला तिथूनच जातो. घर मात्र पाडलं नाही, ९८ च्या सुमारास त्याचे तुकडे करून किंग्जलंडला नेलं आणि परत उभं केलं, तिथं रेस्टॉरंट काढलं. आम्ही दोघं एका रविवारी गेलो होतो, इथून तासाभराच्या वर लागतो.

मी आत पाऊल ठेवलं आणि पहिली गोष्ट जाणवली की घर किती छोटं आहे. पिक्चरमध्ये पॅम झोक्यावरून उठते आणि कॅमेरा झोक्याखालून तिच्या मागोमाग जमिनीलगत जातो, आणि घर वाढत वाढत सगळं आभाळ खाऊन टाकतं. पर्लनं नुसता कॅमेरा खाली ठेवून हे केलंय. प्रत्यक्षात ते एक साधं, सुबक, जुन्या पद्धतीचं लाकडी घर आहे, आपल्याकडच्या एखाद्या रेल्वे क्वार्टरपेक्षा थोडंच मोठं. लोक आत बसून जेवत होते. मी त्या पॅसेजमध्ये उभा राहिलो, जिन्याच्या बाजूला, जिथं ते लोखंडी दार लावलं होतं, आणि खरंच सांगतो, दोन मिनिटांत बाहेर आलो. रिमेकमधलं घर याच्या उलट आहे, मोठं, खांबांचं, लांबूनच सांगतं की इथं येऊ नका.

आणि इथला ऑगस्ट. कुणाला तिकडं बसून कल्पना येणार नाही, विदर्भातले लोक सोडून. गाडीच्या सीटबेल्टचं बक्कल हाताला भाजतं. त्या उन्हात, खिडक्या काळ्या कापडानं झाकून, वर लाइट लावून, टेबलावर खरं मांस नि हाडं ठेवून त्यांनी तो जेवणाचा सीन चोवीस तासांहून जास्त सलग शूट केला. मांस सडलं, लोक बाहेर जाऊन ओकून परत येत होते. गनर हॅन्सनला एकच शर्ट होता आणि रंग जाईल म्हणून तो धुवायचा नाही असं ठरलेलं. त्यातले चेहरे बघा मग परत. सगळाच अभिनय नाहीये तो.

आता तुमचा मुख्य मुद्दा, मदत करणाराच घात करतो हे मूळमध्ये नाही. आहे हो! पेट्रोल पंपावरचा म्हातारा विसरलात तुम्ही, लेदरफेसच्याच घरातला. सॅली रात्री जिवाच्या आकांतानं पळत पंपावर पोचते, तो तिला आत घेतो, धीर देतो, म्हणतो मी गाडी आणतो. ती एकटी बसलीय, समोर भट्टीत मांस भाजतंय, रेडिओवर कबरी उकरल्याची बातमी चालू आहे आणि ती त्या मांसाकडं बघते आणि तिला हळूहळू कळायला लागतं. तो परत येतो तेव्हा हातात दोर आणि पोतं. तो पंप बॅस्ट्रॉपजवळ अजून आहे आणि तिथं खरंच बार्बेक्यू विकतात. मी ऑर्डर दिली आणि खाऊ शकलो नाही, बायकोनं खाल्लं.

---

शेवटचा_शो

उत्तर द्यायला आठवडा लागला कारण परत बघितल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. शनिवारी रात्री बघितला. मित्राकडून स्टुडिओवाले हेडफोन आणले, दिवे बंद, मोबाईल स्वयंपाकघरात.

ध्वनीवाला, दारानंतरचा तो आवाज. पहिल्या वेळी खरंच ऐकलाच नव्हता मी. कानात नाही, छातीत आला. आणि कर्कच्या बुटांचा आवाज आल्यावर मी हेडफोन काढून घर शांत आहे का ते बघितलं, इतका तो खोलीतून आल्यासारखा वाटला. जनरेटर तर आता मला झोपतानाही ऐकू येतोय.

राउंडरॉककर, पंपावरच्या म्हाताऱ्याबद्दल तुमचं बरोबर आहे आणि मी कसा काय विसरलो कळत नाही. बहुतेक तो एवढा साधा आहे म्हणूनच. यावेळी त्याच्याकडंच नीट बघत बसलो. सॅलीला पोत्यात घालून गाडीत टाकतो, आणि मग थांबतो. का? दुकानातला दिवा चालू राहिला म्हणून. परत जाऊन बंद करून येतो आणि तिला सांगतो की विजेच्या बिलानं धंदा बुडायची पाळी आलीय. माझे आजोबा हेच वाक्य म्हणायचे, प्रत्येक खोलीतून बाहेर पडताना, याच सुरात. आणि पुढं गाडी चालवता चालवता पोत्यातल्या पोरीला काठीनं टोचतोय, एकीकडं हसतोय आणि एकीकडं म्हणतोय घाबरू नकोस. मला इथं थांबून पाणी प्यावं लागलं. हॉइटला आपण काय करतोय हे माहीत आहे, त्याला त्यात मजा येते, म्हणून निदान त्याचा राग तरी येतो. या म्हाताऱ्याचा राग कसा करायचा? तो दुकान बंद करून घरी चाललाय.

म्हणजे रिमेकवाल्यांनी त्या म्हाताऱ्यालाच वर्दी घातली असं आता मला वाटतं. आणि ती चांगली घातली हेही म्हणेन. मॉर्गनच्या तोंडात पिस्तूल असलेला सीन मी काल मुद्दाम परत बघितला, त्याची धार तसूभर कमी झालेली नाही, शेवटी मॉर्गन पिस्तूल त्याच्यावरच रोखून चाप ओढतो आणि ते रिकामं निघतं तेव्हा हॉइटच्या चेहऱ्यावर जे येतं त्याला तोड नाही. वैदर्भी म्हणतायत तो अँडीचा सीनही तसाच. एरिनचे हात घसरतात ते यावेळी मोजले, दर वेळी थोडी आणखी खाली येते ती. शून्य स्टार मला आजही मान्य नाहीत.

एक गोष्ट मात्र बदलली. लेदरफेस. रिमेकमध्ये त्याला नाव आहे, थॉमस ह्यूइट, चामडीचा आजार आहे, म्हणून तो असा, आणि मला तेव्हा ते चांगलं वाटलं होतं, चला कारण तरी कळलं. आता शनिवारी मूळमध्ये सॅलीच्या मित्राला, जेरीला, मारल्यानंतरचा अर्धा मिनिट बघितला जो मी पहिल्या वेळी बहुतेक पुढं ढकलला असणार. तो इकडून तिकडं पळतो, खिडकीपाशी जातो, पडदा सारून बाहेर बघतो, मग खाली बसतो आणि डोकं धरतो. मुखवट्याच्या भोकातून जीभ दातांवरून फिरतेय. घाबरलाय तो. एकामागून एक अनोळखी माणसं त्याच्या घरात शिरतायत आणि ती कुठून येतायत, अजून किती येणार आहेत, हे त्याला कळत नाहीये. कुणी काही समजावून सांगत नाही, एक शब्द नाही, आणि मला क्षणभर त्याची कणव आली, मग स्वतःचीच भीती वाटली की मला याची कणव कशी काय आली. रिमेकमधल्या थॉमसची एवढी हकीकत ऐकूनही मला असं कधी झालं नव्हतं.

बागायतदार, मांडीवर मशीन पडली तेव्हा तुमचा गडी आठवला, आता बरा आहे ना तो?

हॉस्टेलमधले दोघं पुण्यातच आहेत, त्यातला एक तो ट्यूबलाइट लावणारा. पुढच्या शनिवारी माझ्याकडं येतायत, मूळ ८३ मिनिटांचा आहे आणि रिमेक ९८, दोन्ही एका रात्रीत होतील. आधी मूळ लावणार. ध्वनीवाला, तिघांना एक हेडफोन पुरणार नाही, तर दहा बाय बाराच्या खोलीत तो दाराचा आवाज नीट यायला स्पीकर कुठं ठेवू तेवढं सांगा, खाली फरशीवर की भिंतीला लावून?

---

ध्वनीवाला

सबवूफर असेल तर फरशीवर, खोलीच्या कोपऱ्यात, दोन भिंती मिळतात तिथं, खालचे आवाज तिथं आपोआप भरतात. बाकीचे दोन बसल्यावर कानाच्या उंचीला येतील असे. आणि आवाज पहिल्या सीनला ठरव, कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या वेळी, नंतर हात लावू नकोस. गप्पांच्या वेळी कमी वाटेल, वाटू दे.